एक्केचाळीस पुस्तके आणि गटार क्रमांक सात

पावती. चष्मा दुरुस्ती, डावी काडी व दोन्ही काचा. नेण्याचा दिवस : मंगळवार, चार तारीख.

*

‘शांतता राखा’ असा फलक. त्याखाली कोणीतरी पेन्सिलने लिहिलेले : राखली.

*

ताई वाचता वाचता हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. हातातल्या तपकिरी पुस्तकाच्या पाठीवर लिहिले होते, ‘मलनिःसारण विभाग, वार्षिक अहवाल’. धाकट्या भावाने ते पाहिले. म्हातारपणी माणसाला कशाचे रडू येईल याचा नेम नाही, असे मनाशी म्हणत तो आंघोळीला गेला.

*

गोपनीय. आदेशात पुस्तकांची नावे लिहू नयेत. ती नुसती टाइप करणेही समितीला शोभणार नाही. फक्त दाखल क्रमांक लिहावेत. (सही) अध्यक्ष, पुस्तक निवड समिती.

*

बडतर्फीचे पत्र टाइप होऊन तयार आहे. नाव घातले आहे. सही तेवढी बाकी.

सोमवार, एकतीस तारीख. सकाळी साडेनऊ

वाचनालयाच्या अंगणात ट्रक उभा होता. ट्रक कागदाच्या लगद्याच्या कारखान्याचा. त्याच्यासमोर चार खोकी आणि खोक्यांसमोर अध्यक्ष. फोटोग्राफर म्हणाला, नुसती खोकी काय काढू, एखादे पुस्तक हातात घ्या. अध्यक्षांनी सील फोडले, वरचेच पुस्तक उचलले आणि आवाज चढवला.

“बघा! हे असलं आपल्या मुलाबाळांच्या हातात पडत होतं. कुठलंही पान उघडा. ऐका, काय लिहिलंय ते.” पान उघडले. “‘गटार क्रमांक सात यंदा एकोणीस वेळा तुंबले. काढलेला गाळ...’”

ते थांबले. फोटोग्राफरने नेमका तेव्हाच फोटो काढला.

“घाण तर आहेच की,” मागून कोणीतरी म्हणाले.

दुसरे पुस्तक उघडले. पाणीपट्टीच्या थकबाकीचा तक्ता. तिसऱ्यात दिवाबत्ती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पुस्तकांचे कव्हर बरोबर, पाठीवरचा क्रमांक बरोबर, आणि पोटात नगरपालिकेचे जुने अहवाल.

गर्दीच्या कडेला, एका कठड्याला टेकून, शिक्षण कचेरीचा तपासनीस उभा होता. एकतीस वर्षे त्याने हेच केले होते. हरवलेले बाक, हजेरीपटावरची न जन्मलेली मुले, कागदावर बांधलेली छपरे, सगळे शोधून झाले होते. पाय सुजत होते आणि निवृत्तीला तीन महिने उरले होते. आज त्याला फक्त ट्रक गेल्याचा शेरा मारायचा होता.

“तपासनीस!” अध्यक्ष म्हणाले. “पाच वाजेपर्यंत मला नाव पाहिजे. किल्ली मामाकडे होती. दुसरं कोणी सापडलं तर ठीक, नाही तर मामा आहेच.”

मामा म्हणजे पहारेकरी. तो कोणाचाच मामा नव्हता आणि म्हणून सगळ्यांचा होता.

दहा

मामा आपल्या खोलीच्या पायरीवर बसला होता. खोली वाचनालयाच्या मागे, वाचनालयाचीच. नोकरी गेली की खोलीही गेली.

“साहेब, खरं सांगू?”

“खोटं सांगितलंस तरी मला पुन्हा जिना चढायला लागेल. खरंच सांग.”

“मला धड वाचता येत असतं ना, तर एखादं नक्की चोरलं असतं. इतका बोभाटा झालाय म्हणजे असणार काहीतरी आत.”

तपासनिसाला हसू आले, पण ते ओठांपर्यंत यायचा त्याला कंटाळा आला.

“किल्ली?”

मामाने गळ्यातला दोरा ओढून दाखवली. “आंघोळीलाही काढत नाही. बुधवारी चार वाजता आदेश आला. ग्रंथपाल बाईंनी पुस्तकं काढून तळघरात ठेवली, मी कुलूप घातलं. गुरुवारी सकाळी दहाला समितीचा कारकून आला. खोकी भरली, लाखेचं सील मारलं. त्यानंतर आज अध्यक्षांनी फोडलं तेच पहिलं.”

सील तपासनिसाने पाहिले होते. अस्सल, एकसंध. म्हणजे अदलाबदल झाली ती सीलच्या आधी. बुधवार चार ते गुरुवार दहा, अठरा तास. आणि त्या अठरा तासांत किल्ली मामाच्या गळ्यात.

आतून भांड्यांचा आवाज आला.

“बायको,” मामा म्हणाला. “भांडी बांधायला घेतलीत तिनं. मी म्हटलं, अगं थांब, पाच तर वाजू देत. तर म्हणते, पाच वाजता हात थरथरतील माझे, आत्ताच बांधते.”

अकरा

ग्रंथपाल बाई टेबलामागे बसून परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. चौकशीला बोलावल्यासारख्या मुळीच दिसत नव्हत्या. तपासनिसाने बसता बसता टेबलावरचे एक मासिक वारा घ्यायला उचलले.

“नोंद करा,” बाई वर न पाहता म्हणाल्या.

“वारा घेतोय फक्त.”

“वाऱ्याची नको. मासिकाची करा.”

त्याने मासिक खाली ठेवले.

“एक्केचाळीस क्रमांक मागितले, एक्केचाळीस दिले,” बाई म्हणाल्या. “कारकुनानं प्रत्येक पाठीवरचा क्रमांक यादीशी ताडून सही केली. पावती आहे.”

“आत अहवाल आहेत, बाई.”

“आत काय आहे हे समितीनं पहिल्यांदाच उघडून पाहिलं वाटतं.”

टोला बसला. तपासनिसाने तो निमूट घेतला. “तुम्हाला ती पुस्तकं फार आवडायची का?”

बाईंनी शिक्का खाली ठेवला. “त्यातली नऊ मला अजिबात आवडत नाहीत. एक तर इतकं भिकार आहे, की लिहिणाऱ्याला भेटून दोन शब्द सुनवावेत.”

“मग?”

“मग काय? मला आवडतं तेवढंच ठेवायचं असतं, तर माझ्या घरातलं कपाट पुरलं असतं की. एवढी इमारत कशाला? काय ठेवायचं ते मी ठरवते, कारण मला ते काम येतं. काय वाचायचं ते वाचणारा ठरवतो. यात तिसऱ्याला खुर्ची कुठं टाकायची, हे मला अजून समजलेलं नाही.”

“अठरा तासांत हे कोणी केलं असेल?”

“अठरा तासांत?” बाई पहिल्यांदाच हसल्या, आणि चूक झाल्यासारखे हसू आवरून पुन्हा शिक्का उचलला. “ते खळकाकांना विचारा. मी बाइंडर नाही.”

बारा

खळकाकांचे दुकान रस्त्यापलीकडे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बाइंडर, अंगाला कायम पिठाच्या खळीचा वास. वाचनालयात आलेले प्रत्येक पुस्तक आधी त्यांच्याकडे यायचे. छापील कव्हर काढून टाकायचे, जाड पुठ्ठा आणि तपकिरी कापड चढवायचे, पाठीवर क्रमांक. प्रेमकथा असो, पाकक्रिया असो की पाणीपुरवठा, इथून निघाले की सगळे एकाच आईची लेकरे.

“या साहेब. बेड्या आणल्यात का? मनगटं बारीक आहेत माझी, निसटतील.”

“काका, एका पुस्तकाचं पोट काढून दुसऱ्याच्या कव्हरात घालायला किती वेळ लागतो?”

“बघा, शिकवतो. निवृत्तीनंतर कामाला येईल.” काकांनी एक पुस्तक उलटे धरले. “पोट सोडवायचं. पाठ खरवडायची. खळ, जाळी, पुन्हा खळ. मग पुठ्ठा. जाडीला जाडी जुळली पाहिजे, नाहीतर आजीच्या अंगावर नातीचा परकर. आणि मग प्रेसखाली दोन दिवस.”

“घाई असली तर?”

“खळ वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. तिला साहेब कळत नाही.”

“प्रेस किती आहेत?”

“दोन. एकात सहा मावतात.”

तपासनीस लोखंडी प्रेसकडे पाहत राहिला. एक्केचाळीस पुस्तके, एक्केचाळीस अहवाल, मिळून ब्याऐंशी. एका खेपेला बारा. सात खेपा, प्रत्येकी दोन दिवस.

चौदा दिवस.

अठरा तासांत हे काम मामाच काय, मामाचा बापही करू शकला नसता. म्हणजे आदेश सव्वीस तारखेला आला, तेव्हा काम आधीच उरकलेले होते. मामा सुटला.

पण मग दुसराच प्रश्न उभा राहिला, आणि तो मामापेक्षा वाईट होता. आदेश यायच्या दोन आठवडे आधी, त्यात कोणते क्रमांक असणार, हे कोणाला माहीत होते?

“काका, या महिन्यात तुमच्याकडे...”

“साहेब,” काका मध्येच म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. “माझं नाव लिहा ना. मला नोकरी नाही, चाकरी नाही, चार वर्षांत फिरायलाही गेलो नाही. माझं काय काढून घेणार ते?”

“तुम्हाला क्रमांक कोणी सांगितले, ते लिहायला लागेल मग.”

काकांनी खळ ढवळायला घेतली.

साडेबारा

यादी समितीकडून शिक्षण कचेरीत पाच तारखेला आली होती, बुधवारी. लिफाफ्यावर ‘गोपनीय’ असा लाल शिक्का. तो लिफाफा उघडणारा माणूस कचेरीत एकच होता. त्याचे पाय सुजत होते आणि तो आता वाचनालयाच्या अगदी शेवटच्या रांगेत, खालच्या फळीसमोर, गुडघे धरून खाली बसत होता.

फळीवर अहवाल होते. मलनिःसारण, दिवाबत्ती, पाणीपुरवठा. वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेले. पण धूळ? धूळ वरच्या फळीवर बोटभर होती. इथे नव्हती.

त्याने एक अहवाल काढला. मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी चिकटवलेली होती. पुस्तक बाहेर गेले की तिच्यावर शिक्का पडतो. चिठ्ठी कोरी करकरीत, आणि तिच्यावर चार शिक्के. पहिला चौदा तारखेचा.

नोंद केल्याशिवाय वारासुद्धा न देणाऱ्या बाईंनी, लपवलेली पुस्तकेही नोंद करूनच दिली होती. तपासनिसाने कपाळावर हात मारला. चोराने मागे पावती ठेवावी तसे.

खात्री करायला त्याने सदतिसावे पान उघडले. वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकात एक ठरलेले गुप्त पान असते. कव्हर फाटो, पहिले पान हरवो, त्या पानावरचा दाखल क्रमांक मालक सांगतो. पाठीवर क्रमांक अहवालाचा होता. सदतिसाव्या पानावर होता चार हजार दोनशे अठरा. यादीतला पहिलाच.

तो बसल्या बसल्या दीड पान वाचून गेला. मग दचकून पुस्तक मिटले, जागेवर ठेवले, आणि रांग सारखी केली. फळीवर सात ठिकाणी फटी होत्या. सात अहवाल बाहेर गेलेले होते.

टेबलावर नोंदवही उघडीच होती. बाई मुद्दाम खिडकीकडे पाहत होत्या. मलनिःसारण विभाग, वार्षिक अहवाल. सभासद क्रमांक दोनशे बारा.

दोनशे बारा त्याला पाठ होता. लहानपणापासून. घरातल्या एका पिवळ्या कार्डावर तो होता.

दीड

“जेवलास का?” ताईने विचारले.

“ताई, ते पुस्तक दे.”

“शेवटची वीस पानं राहिलीत. तोवर जेव.”

तो जेवायला बसला. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. अठ्ठावीस वर्षे त्याच वाचनालयाची ग्रंथपाल. संगणक नव्हता तेव्हा प्रत्येक पुस्तक तिने स्वतःच्या हाताने वहीत चढवले होते. आताच्या बाई तिच्याच हाताखाली तयार झालेल्या. समितीने यादीत नावे घातली नव्हती, नुसते आकडे. ते आकडे ऐकून पुस्तके डोळ्यांसमोर आणणारी बाई गावात एकच होती, आणि ती समोर बसून त्याच्या ताटात वाढत होती.

“तूच सांगितलंस ना बाईंना?”

“दुसऱ्याच दिवशी. बाईंना आणि खळकाकांना, दोघांनाही.” ताई सरळ म्हणाली. “तुझा चष्मा मोडलेला. म्हणालास, ताई, एवढे आकडे मोठ्यानं वाच, मोजून घ्यायचेत. पाय उशीवर टाकून डोळे मिटून पडला होतास. मी वाचायला लागले. चार हजार दोनशे अठरा. आणि थांबले.”

“मी विचारलं, काय झालं.”

“मी म्हटलं, घसा कोरडा पडला.”

“मी पाणी आणून दिलं.”

“दिलंस. मग मी उरलेले चाळीस वाचले. एकेक माणूस अंगणात उभं करून नाव पुकारावं, तसं वाटलं रे.” तिने पदराने नाक पुसले. “आता माझं नाव लिही, धाकट्या. सत्तरीला टेकले. मला काय करतील?”

“तिकडे काकाही तेच म्हणतात. या गावात सगळ्या म्हाताऱ्यांना एकदम तुरुंगात जायची हौस आलीय.”

“मग मामाचं लिहिणारेस?”

“ताई, चिठ्ठ्यांवर शिक्के मारलेत तुमच्या बाईंनी. तारखेसकट!”

ताईने कपाळ धरले. “मीच शिकवलं तिला. नोंदीशिवाय पुस्तक जागचं हलवायचं नाही. शिकवलेलं नडलं बघ.”

तो हात धुवून उठला. तीन तास उरले होते.

“वीस पानं वाच,” तो दारातून म्हणाला. “घाई करू नकोस.”

पाच

अध्यक्ष बाईंच्या खुर्चीवर बसले होते. बाई उभ्या, काका उभे, मामा दारात. तपासनिसाने दोन पानी अहवाल हातात घेतला, पण वाचला नाही. त्याला तो पाठ होता.

“एक. कव्हरं बदलायला किमान चौदा दिवस लागतात. खळ वाळावी लागते. म्हणून आदेशानंतरच्या अठरा तासांत काहीही झालेलं नाही. किल्ली, कुलूप आणि मामा यांचा संबंध नाही.”

दारातला मामा भिंतीला टेकला.

“दोन. म्हणजे बदल आदेशाच्या आधी झाला. तेव्हा ती पुस्तकं वाचनालयाची होती, आणि पुस्तक बाइंडिंगला पाठवायला ग्रंथपालांना कोणाचीच परवानगी लागत नाही. नियम अकरा. आदेश निघण्याआधी आदेश मोडता येत नाही.”

“मी सांगते...” बाई पुढे झाल्या.

“बाई, तुम्हाला अजून प्रश्न विचारलेला नाही. तीन. आदेशात एक्केचाळीस क्रमांक मागितले होते. ते दिले गेले. पावती आहे.”

“अहो, पण आतलं कुठं गेलं?” अध्यक्ष टेबलावर हात आपटत म्हणाले.

“आदेशात आतलं लिहिलेलं नाही. नाव लिहायचं नाही, असं तुम्हीच लेखी कळवलं होतं. ज्याचं नाव घ्यायचं नाही ते मी कोणाला विचारत फिरू?”

काकांना खोकला आला. तो बराच वेळ चालला.

“चार,” तपासनीस म्हणाला, आणि आता मात्र त्याने खाली कागदाकडे पाहिले. “एक नियम मोडला गेला आहे. गोपनीय यादी पाच तारखेला कचेरीबाहेर गेली. ती तपासनिसाने स्वतः घरी नेली, आणि चष्मा मोडला असल्याने दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घेतली. कसूर त्याची आहे. दुसऱ्या कोणाची नाही. खाली सही केली आहे.”

अध्यक्षांनी कागद ओढून घेतला आणि खालची सही पाहिली.

“तुम्ही निलंबित व्हाल,” अध्यक्ष सावकाश म्हणाले. “निवृत्तीच्या तोंडावर. सगळं अडकून पडेल. कळतंय ना?”

“कळतंय. बसून कळलं असतं तर बरं झालं असतं, पण खुर्ची एकच आहे.”

अध्यक्ष उठले. मामाच्या नावाचे पत्र त्यांनी चुरगाळून खिशात घातले, तपासनिसाचा कागद घडी करून दुसऱ्या खिशात, आणि निघाले. ट्रकवाल्याने गटार क्रमांक सात, दिवाबत्ती आणि पाणीपट्टी भरून नेली. थोड्या वेळाने मागच्या खोलीतून बांधलेली भांडी सुटल्याचा आवाज आला. एक एक करून.

“नवा आदेश येईल,” बाई म्हणाल्या. “या वेळी नावांसकट.”

“येईल.”

“त्यानंतर आणखी एक.”

“हो.” तपासनीस अखेर त्या खुर्चीवर बसला. “खळ आहे ना काका?”

“पीठ आहे तोवर आहे,” काका म्हणाले.

बाईंनी खणातून एक कोरे पिवळे कार्ड काढून त्याच्यापुढे सरकवले. एकतीस वर्षे तो या इमारतीत तपासाला येत होता. सभासद कधीच झाला नव्हता.

“ताईंकडे आहे तोच अहवाल पाहिजे मला,” तो म्हणाला.

“बाहेर गेलाय. तुमच्याआधी चौघं आहेत. नाव लिहा, नंबर लागेल.”

त्याने खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि नाव लिहिले.

चार तारीख, मंगळवार

यादी घरी आली त्याच्या आदल्या संध्याकाळी तपासनिसाने चष्मेवाल्याकडून दुरुस्त झालेला चष्मा आणला होता. ताई आकडे वाचत होती तेव्हा तो त्याच्या शर्टाच्या खिशात होता.